नवी मुंबईतल्या ऐरोली-महापेच्या शिफ्टवाल्यांनी घरी बीपी मशीन घ्यावं का?

घ्यावं, पण दंडाला पट्टा बांधायचं आणि दोन जणांच्या नोंदी वेगळ्या ठेवणारं. मनगटाचं नको. हात छातीच्या पातळीखाली दहा सेंटिमीटर गेला तरी आकडा सात-आठने फुगतो.

कॉल सेंटर असो की मॉलचं बिलिंग काउंटर, ग्राहक ओरडत असला तरी आवाज गोड ठेवावा लागतो. राग चेहऱ्यावर येऊ दिला नाही म्हणून अ‍ॅड्रेनलिन, म्हणजे ताणात अंगात सुटणारं संप्रेरक, थांबत नाही. नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात. रोजचं हेच, त्यात रात्रपाळी आणि तुटकी झोप, मग कामाच्या दिवशी बीपी चढतं. सुट्टीच्या दिवशी दवाखान्यात मात्र ते नॉर्मल भरू शकतं, आणि बिचारा माणूस निर्धास्त होऊन घरी येतो. डॉक्टर याला मास्क्ड हायपरटेन्शन म्हणतात.

म्हणूनच दोन खात्यांची सोय मोलाची. दोन्ही खाती एकट्यानेच वापरा: ड्युटीचे दिवस पहिल्यात, वीकली ऑफ दुसऱ्यात. ड्युटीच्या दिवशी एकदा ब्रेकमध्येही मोजा. ऑफचे पुरेसे आकडे जमायला तीन-चार आठवडे जातील. बऱ्याच मशीनवरची ‘सरासरी’ फक्त शेवटच्या तीन मोजण्यांची असते, त्यामुळे वहीत लिहिणं आलंच.

मोजण्याआधी लघवीला जाऊन या. कॉलची रांग लागली की ब्रेक पुढे ढकलला जातो, आणि तुंबलेल्या लघवीनेही आकडा वाढतो. अर्धा तास आधी चहा-सिगारेट नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. बोलण्यानेही बीपी चढतं. पट्टा उघड्या दंडावर, कोपरापासून दोन बोटं वर. मिनिटभराने पुन्हा मोजा.

सोबत येणारा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटर दंडाचा असतो. आधी शिंप्याच्या टेपने दंड मोजा. पट्टा लहान पडला तर बीपी उगाच जास्त दिसतं. ब्लूटूथसाठी जादा पैसे घालवू नका, दंड जाड असेल तर ते मोठ्या पट्ट्यावर खर्च करा. सेल उतरले की मशीन मध्येच थांबतं, तेव्हा अ‍ॅडॉप्टर असलेलं बरं.

झोपेतलं बीपी हे मशीन सांगत नाही. त्यासाठी २४ तासांची वेगळी तपासणी असते.

घरची सरासरी १३५/८५ किंवा वर गेली तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. ईएसआय कार्ड असेल तर वागळे इस्टेट आणि वाशी इथे कामगार विमा रुग्णालयं आहेत. १८०/१२० च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं किंवा जीभ अडखळणं असेल, तर पुन्हा मोजत बसू नका, थेट इमर्जन्सी गाठा.