नोझलवर १.८, सुईवर १.४: प्रायमर गन घेताना आमच्या गळ्यात काय मारलं

गाडीवर प्रायमर (रंगाखालचा थर) मारायला १.८ ची, म्हणजे नोझलचं भोक १.८ मिलिमीटर असलेली, स्प्रे गन म्हणून आम्हाला जी विकली गेली, ती मुळात १.४ ची होती. नोझलचं भोक ड्रिल घालून मोठं केलेलं, बाहेरून १.८ चा आकडा ठोकलेला आणि खोक्यावर 'प्रायमर स्पेशल' असं स्टिकर. साध्या गनपेक्षा बाराशे रुपये जास्त घेतले. ज्यांचं पोट या कामावर आहे अशा कुणाच्या हातात ही गन पडू नये, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

कराडजवळ आमचं डेंटिंग-पेंटिंगचं छोटं गॅरेज आहे. बेस कोट (रंगाचा थर) आणि क्लिअरसाठी (वरचा चमकीचा थर) १.३ ची एक चांगली गन आधीपासून आहे. पण त्या गनमधून सरफेसर मारायचा म्हणजे छळ. बेस आणि क्लिअर पातळ असतात, त्यांना १.३, १.४ पुरतं. टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायचा सरफेसर, ज्याला आपण गॅरेजमध्ये सरसकट प्रायमर म्हणतो, तो दाट असतो. त्यात टाल्कसारखी भुकटी ठासलेली असते, कारण लांबीवरचे (पोचे भरायच्या पुट्टीवरचे) घासल्याचे ओरखडे आणि बारीक खड्डे त्याला भरायचे असतात. त्याला साधारण १.६ ते १.८ लागतं. स्प्रे पुट्टी मारायची तर २.० किंवा त्याच्याही वर जावं लागतं. वॉश प्रायमर मात्र पाण्यासारखा, तो बेसच्याच गनमधून निघतो. म्हणजे 'प्रायमरची गन' हा शब्दच अपुरा आहे. कुठला प्रायमर ते आधी ठरवायचं आणि त्या डब्याच्या तांत्रिक पत्रकात नोझलचा जो आकडा दिलाय तो धरायचा. दुकानदाराच्या तोंडचा आकडा धरायचा नाही.

१.४ आणि १.८ मध्ये फरक किती, तर ऐकायला चार दशांश मिलिमीटर. पण माल भोकाच्या क्षेत्रफळातून जातो, आणि ते जवळजवळ ६५ टक्क्यांनी वाढतं. म्हणून छोट्या नोझलमधून सरफेसर मारणारा माणूस नाइलाजाने थिनर वाढवतो. चारास एक हार्डनर, एक थिनर असं पत्रकात लिहिलेलं असताना थिनर दोन-अडीचवर जातं. त्या दिवशी काम झकास दिसतं. मग आतलं थिनर हळूहळू उडतं, थर बसतो आणि महिन्याभराने गाडी उन्हात उभी राहिली की क्लिअरखालून लांबीची कड आणि पेपरचे ओरखडे वर दिसायला लागतात. गिऱ्हाईक बोनेटवर बोट ठेवून विचारतं, तेव्हा सांगायला काही उरत नाही. हेच टाळायला वेगळी गन घेतली होती.

गन आली त्याच आठवड्यात एका बोलेरोचं बोनेट आणि डावा दरवाजा प्रायमरला लावला. आमचे मिस्त्री तीस वर्षं गन चालवतायत. त्यांनी पहिला हात मारला आणि थांबले. म्हणाले, "ही थुंकतीय." ट्रिगर सोडला की नोझलच्या टोकावर थेंब धरायचा, आणि पुढच्या हाताला तोच थेंब बोनेटवर जाऊन बसायचा. शिवाय फवाऱ्याचा पट्टा सरळ पडत नव्हता. गन उभ्या पट्ट्यावर ठेवून कागदावर क्षणभर ट्रिगर दाबला तर लांबट, दोन्हीकडे सारखा ठसा उमटायला हवा. इथे केळ्यासारखा वाकडा, उजवीकडे माल जास्त आणि डावीकडे नुसता धुरळा.

दुकानात फोन केला. पलीकडून, "कॉम्प्रेसर कमी पडत असेल." गनच्या मुठीला गेज लावून, ट्रिगर पूर्ण दाबून धरून बघितलं: दोन बार, म्हणजे एकोणतीस-तीस पीएसआय, काटा जागेवर. परत फोन. "मग थिनर वाढवा, आमच्याकडचं थिनर घेऊन जा." परत सांगितलं की पत्रकाप्रमाणेच मिसळलंय, तर "अहो, मोठ्या नोझलला थोडं गळायचंच. तुमच्या मिस्त्रींना सवय नसेल." तीस वर्षं हात असलेल्या माणसाबद्दल हे वाक्य ऐकून मला फार वाईट वाटलं. मिस्त्री काही बोलले नाहीत, पण ते दिवसभर गप्प होते.

खरं काय ते त्यांनीच शोधलं. एअर कॅप, म्हणजे नोझलभोवतीची हवेच्या भोकांची टोपी, ढिली केली, अर्धा फेरा फिरवली, परत कसली आणि पुन्हा कागदावर ठसा घेतला. ही तपासणी प्रत्येक पेंटरला माहीत असावी. कॅप फिरवल्यावर ठशाचा वाकडेपणा दुसऱ्या बाजूला गेला तर दोष कॅपमध्ये, तिच्या एखाद्या भोकात वाळलेला माल अडकलेला असतो. आमचा ठसा होता तसाच उजवीकडे जड राहिला. म्हणजे दोष नोझलमध्ये. मग त्यांनी सुई बाहेर ओढली, पुसली आणि चष्मा लावून तिच्या मागच्या टोकाकडे पाहिलं. बारीक अक्षरात तिथे १.४ कोरलेलं होतं. नोझलवर १.८.

नोझल, सुई आणि कॅप हा एकत्र मिळणारा संच असतो. सुईचं निमुळतं टोक नोझलच्या आतल्या उतारावर चपखल बसतं, तेव्हाच माल थांबतो. आकडे जुळत नसतील तर काहीतरी गडबड आहे, हे तिथेच कळलं. पण दुकानदाराशी भांडायला नुसतं 'कळलं' पुरत नाही. म्हणून नोझल घेऊन कोल्हापूरला उद्यमनगरात एका ओळखीच्या मशिन शॉपमध्ये गेलो. तिथे सुटे भाग तपासायला पिन गेजचे डबे असतात, एकेका आकाराची घासूनपुसून अचूक केलेली पिन. १.८० ची पिन भोकात अलगद गेली. मला क्षणभर वाटलं, आता काय बोलायचं, माप तर बरोबर आलं. इथेच ही फसवणूक जास्त घातक आहे. कुणी १.८ ची पिन किंवा ड्रिलची मागची दांडी घालून बघितली, तरी माल खराच वाटेल.

तिथल्या दादांनी नोझल प्रोफाइल प्रोजेक्टरखाली धरलं. पडद्यावर नोझलच्या टोकाची मोठी सावली आली, आणि मधल्या भोकातून आलेला उजेड साफ एका बाजूला सरकलेला. एका अंगाला पितळेची भिंत जाड, दुसऱ्या अंगाला निम्मीसुद्धा नाही. मग भिंगातून आत बघितलं. बाहेरून पांढरा मुलामा, आत उघडं पिवळं पितळ आणि त्यावर ड्रिलच्या गोल गोल रेघा. सुई जिथे टेकायची ती कड ओरबाडलेली. दादा म्हणाले, "हँड ड्रिलनं केलंय, लेथवरसुद्धा घेतलेलं नाही." थेंब का गळतो आणि पट्टा का वाकतो, दोन्हीचं उत्तर त्या पडद्यावर होतं. भोक मधोमध नसलं की नोझलभोवतीच्या हवेच्या कड्यातून माल एकीकडे जास्त ओढला जातो.

बोलेरोचं म्हणाल, तर ते बोनेट वाळल्यावर काळी गाइड पावडर (घासताना उंचसखल दिसावं म्हणून लावतात ती) चोळून घासायला घेतलं. उजवीकडचं काळं निघेपर्यंत डावीकडे पेपर थेट लांबीवर पोचला. सगळं उतरवून दुसऱ्यांदा प्रायमर मारावा लागला, तोही उसनी आणलेल्या १.७ च्या गनने. दोन सुरेख ओले हात, मध्ये दहा मिनिटं, थिनर पत्रकात लिहिलंय तेवढंच. एका थेंबाची तक्रार नाही. मिस्त्रींच्या हाताला काहीही झालेलं नव्हतं.

तेव्हा गन विकत घेताना काउंटरवरच सुई बाहेर काढायला सांगा. दुकानदार का-कू करायला लागला तर तिथून उठा. सुई आणि नोझल, दोन्हीवर आकडा कोरलेला हवा आणि तो एकच हवा. मोबाइलचा कॅमेरा मोठा करून नोझलच्या तोंडात बघा: कड गुळगुळीत, भोक मधोमध, आत-बाहेर धातू सारखा. कॅप लावून समोरून बघितलं तर नोझलभोवतीची फट चहूबाजूंनी सारखी दिसली पाहिजे. भांड्यात थोडं थिनर ओतून, ट्रिगर न दाबता गन पाच मिनिटं टांगून ठेवली आणि टोक कोरडं राहिलं, तर सुई नीट बसतेय. हे सगळं दहा मिनिटांत होतं, आणि ज्याचा माल खरा आहे तो दुकानदार आनंदाने करू देतो. असे दुकानदार आहेत, नंतरची गन आम्ही अशाच एकाकडून घेतली.

बिलाचंही सांगतो. आमच्या बिलावर 'स्प्रे गन, १ नग' एवढंच होतं, आणि दुकानदाराने त्याचाच आधार घेतला: "१.८ आम्ही कुठे लिहून दिलंय?" आमच्या बाजूने उभं राहिलं ते खोक्यावरचं स्टिकर आणि नोझलवरचा ठोकलेला आकडा. म्हणून बिलावर मॉडेल आणि नोझलचा आकार लिहूनच घ्या.

दुकानदार दाद देईना म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली. सोबत प्रोजेक्टरच्या पडद्याचे आणि सुईचे फोटो जोडले. 'तुम्ही धंद्यासाठी घेतलंत, तुम्ही ग्राहक कसले?' असं काहीजण घाबरवतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात धंद्यासाठीची खरेदी वगळली आहे हे खरं, पण केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्या वगळलेल्या खरेदीत मोडत नाही, असं तिथेच स्पष्ट केलेलं आहे. स्वतः गन धरणाऱ्या पेंटरने हे लक्षात ठेवावं. त्यापुढे जायचं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही तक्रार लावता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

आम्हाला आयोगापर्यंत जावं लागलं नाही. हेल्पलाइनवरून दुकानाकडे विचारणा झाल्यावर त्याने गनचे पैसे परत केले. वाया गेलेला प्रायमर, हार्डनर आणि मिस्त्रींची दुबार मजुरी यांचं नाव काढू दिलं नाही. ती मजुरी मी दिली. गन परत द्यायला गेलो तेव्हा तशाच स्टिकरची खोकी मागच्या फळीवर रचलेली होती. कुणाच्या गॅरेजमध्ये थेंब गाळणारी १.८ असेल तर आज सुई काढून तिच्यावरचा आकडा वाचा. आयोगाकडे तक्रार करायला, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.