लोअरिंग स्प्रिंग की कॉइलओव्हर?

गाडीची उंची कमी करायला मूळ स्प्रिंगच्या जागी बसवायच्या आखूड लोअरिंग स्प्रिंग स्वस्त पडतात, पण गाडी एकदा खाली बसली की बसली. शॉकअप कंपनीचेच राहतात आणि लवकर थकतात. कॉइलओव्हरमध्ये स्प्रिंग-शॉकअप जोडीनं येतात, शॉकअपच्या आट्यांवरची रिंग पान्यानं फिरवली की उंची कमी-जास्त होते. आमच्या यवतमाळकडे हेच मोलाचं. पावसाळ्यात पांदणीतल्या काळ्या मातीत चाकोऱ्या खोल जातात आणि मधला उंचवटा थेट इंजिनाखालच्या ऑइल चेंबरला घासतो. ३० मिमी उतरवलेल्या गाडीचं तिथं काही खरं नाही. मात्र तीच माती आट्यांत सुकली की रिंग जाम होते. ब्रश मारून धुवावंच लागतं. मी कॉइलओव्हरच घेईन. पैसे कमी असतील तर कापूस विकेपर्यंत थांबा, पण गाडी खाली आणायला मूळ स्प्रिंग कापू नका. गाडी उसळली की कापलेली स्प्रिंग जागा सोडते.