ढालीवर काय घ्यावं: कुल्लिक की नारव्हाल?

कॅनडाच्या नागरिकाला तिथल्या कुलचिन्ह प्राधिकरणाकडे स्वतःच्या कुलचिन्हासाठी, म्हणजे ढालीवर चितारलेल्या खुणेसाठी, अर्ज करता येतो. हे प्राधिकरण १९८८ साली स्थापन झालं. आपलं देवक जन्मानं मिळतं. इथे निवडायचं असतं, म्हणूनच पंचाईत. कॅनडाच्या उत्तरेत नोकरीची वर्षं काढलेल्यांपुढे दोन वाटा असतात: इनुइटांच्या, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या वस्तू, नाहीतर तिथले प्राणीपक्षी.

वस्तूंत आधी आठवतो इनुक्सुक, वाट दाखवायला रचलेले दगड. पण हातपाय फुटलेली जी आकृती सगळीकडे दिसते तो इनुन्गुआक. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकच्या बोधचिन्हात तीच होती, आणि काही इनुइटांनी तेव्हाच नाराजी बोलून दाखवली होती. मला खरा मोह पडतो कुल्लिकचा. अर्धचंद्रासारखा कोरलेला दगडी दिवा, त्यात सीलची चरबी, काठावर कापूसगवताची वात. बाईनं ती काडीनं सारखी करत बसायचं, नाहीतर ज्योत काजळते. नुनावुत या कॅनडाच्या उत्तरेतल्या इनुइटबहुल प्रदेशाच्या १९९९ च्या मानचिन्हात तो घराची ऊब म्हणून आहे. ज्यांच्या आजीनं तो पेटवला त्यांनी खुशाल घ्यावा. चार हिवाळे नुनावुतच्या राजधानीत, इकालुइतमध्ये काढून कुणी घेतला, तर मला ते दुसऱ्याचा देव्हारा आपल्या दिवाणखान्यात मांडल्यासारखं वाटतं. शिवाय लहान छापला की होडी वाटते, ते वेगळंच.

प्राण्यांत अस्वल फार झालं. आणि तेही वाटतं तितकं बिनधोक नाही: ग्रीनलंडच्या ढालीवरचं अस्वल डावा पंजा उचलतं, कारण ते डावखुरं असतं असं इनुइट मानतात, ग्रीनलंड ज्याच्या राज्यात मोडतं त्या डेन्मार्कच्या राजचिन्हातलं मात्र उजवा. म्हणजे पंजा ठरवताना तुम्ही ग्रीनलंड की डेन्मार्क, ही बाजूही ठरवता.

नारव्हाल, म्हणजे लांब सुळ्याचा आर्क्टिक देवमासा, त्या मानानं सोपा. तो पिळदार सुळा नखाएवढ्या चित्रातही ओळखू येतो. मध्ययुगीन युरोपात तो कथेतल्या एकशिंगी घोड्याचं शिंग म्हणून विकला जायचा, त्यामुळे ढालींच्या जगात तो तसा जुनाच पाहुणा. नुनावुतची ढाल कॅरिबूबरोबर (तिथलं रेनडिअर) तोच धरतो. हिमघुबड देखणं खरं, पण गावी फोटो पाठवलात की ‘घरावर घुबड?’ हे ऐकायची तयारी ठेवा.

दुसऱ्या देशातून येऊन तिथे रुजला असाल तर मी नारव्हालही बाजूला ठेवेन आणि आर्क्टिक सुरय सुचवेन. दरवर्षी अंटार्क्टिकापर्यंत जाऊन परत येणारा पक्षी. निळ्या ढालीवर पांढरा, काळी टोपी, लाल चोच, शेपूट दुभंगलेली.