एस्ट्रिऑल क्रीम : आठ महिने वापरल्यावर

पाळी जाऊन अडीच वर्षं झाली आणि रिक्षा खड्ड्यातून गेली तरी खाली चरचरायला लागलं. लघवीला जळजळ म्हणून दोनदा तपासणी केली, जंतू सापडले नाहीत. रात्री नवरा जवळ आला की मी झोपेचं सोंग घ्यायची. वर्षभर हे अंगावर काढलं. मधे स्वतःच्या डोक्याने सुगंधी वॉश आणला, त्याने आग वाढली. खोबरेल तेलाने तासभर बरं वाटायचं. (निरोध वापरत असाल तर तेल नको, लॅटेक्स फाटतं.)

शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेले. इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन घटलं की योनीचं अस्तर पातळ होतं, ओलावा आणि आम्लता कमी होते, मूत्रमार्गाचंही तेच. म्हणून ती जळजळ. त्यांनी एका ग्रॅममध्ये १ मिलिग्रॅम एस्ट्रिऑल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) असलेलं, योनीत लावायचं क्रीम दिलं. पहिले दोन आठवडे रोज रात्री अर्धा ग्रॅम, मग आठवड्यातून दोनदा.

पहिल्या आठवड्यात उलट आगच झाली, सोडून देणार होते. तिसऱ्या आठवड्यात चालताना घासणं थांबलं. संबंधाच्या वेळचं दुखणं कमी व्हायला मात्र दोन महिने गेले, आणि त्या वेळेपुरतं पाण्याचा बेस असलेलं वंगणाचं जेल अजूनही लागतंच. पाचव्या महिन्यात भाचीच्या लग्नाच्या गडबडीत महिनाभर लावलं नाही, तर सगळं परत आलं.

तक्रारी आहेत. क्रीम गळतं, म्हणून झोपतानाच लावायचं. क्रीम मोजून आत सोडायच्या नळीवरची खूण चष्म्याशिवाय दिसत नाही. आतला कागद वाचून मी घाबरले होते, पण त्यातले बरेच इशारे जास्त डोसच्या गोळ्यांवरून आलेत, या क्रीममधून रक्तात फारच थोडं जातं असं बाईंनी समजावलं. तरी स्तनाचा कर्करोग झालेल्या माझ्या बहिणीला हे न देता बिनहार्मोनचं मॉइश्चरायझर दिलंय. पाळी गेल्यावर रक्ताचा डाग दिसला तर मात्र क्रीमबिम राहू द्या, आधी डॉक्टर.

नळी धुऊन न्हाणीघरात वाळत ठेवते. सासूबाईंनी एकदा विचारलं, "ही कसली गं पिचकारी?" सांगितलं. थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "मला चालेल का?" त्यांना वर्षातून तीन-चारदा लघवीचं इन्फेक्शन व्हायचं. बाईंनी तपासून त्यांनाही सुरू केलं. आता खुंटीला दोन नळ्या असतात. त्यांच्या नळीला लाल दोरा बांधलाय.