इम्पोर्ट टूलचं ‘एजंटसाठी’ डॉक्युमेंटेशन: काही महिने वापरल्यावर

डेटाबेसमध्ये सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेला मजकूर) आणि जेसन (नाव-मूल्य जोड्यांचा मजकूर) फाइली भरायला आम्ही एक कमांड-लाइन टूल (आज्ञा टाइप करून चालवायचं) वापरतो. नाव मुद्दाम देत नाही. तक्रारी बऱ्याच आहेत, आणि त्यातल्या निम्म्या इतर कुठल्याही इम्पोर्ट टूलला तशाच लागू पडतील. हल्ली हे टूल आमच्याकडे माणसं कमी आणि एआय एजंट (सांगितलेलं काम स्वतः कमांड चालवून करणारे एआय प्रोग्राम) जास्त चालवतात. मधल्या काळात कंपनीने एजंटसाठी वेगळं डॉक्युमेंटेशन काढलं: साधं मार्कडाउन (थोड्या खुणा असलेला साधा मजकूर) आणि सगळ्या पानांची यादी देणारी एलएलएम्स डॉट टीएक्सटी फाइल.

आधी चांगलं सांगतो. उदाहरणं आता पूर्ण आहेत, उचलून चालवली की चालतात. जुन्या पानांवर ‘इथे तुमचं मूल्य टाका’ अशा रिकाम्या जागा असायच्या आणि एजंट मनानेच काहीतरी भरून मोकळा व्हायचा. प्रत्येक पर्यायाचं डीफॉल्टही (काही सांगितलं नाही तर टूल काय धरेल ते) लिहिलंय. ०३/०४/२०२५ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हे टूल पूर्वी स्वतःच ठरवायचं आणि कुठे सांगायचंही नाही. आता फॉरमॅट दिला नाही तर फक्त आयएसओ ८६०१ (वर्ष-महिना-दिवस, जसं २०२५-०४-०३) चालेल, असं स्पष्ट लिहिलंय. माणसाला असल्या जागी शंका येते, तो शेजारच्याला विचारतो. एजंट थांबत नाही. त्यामुळे डॉक्युमेंटेशन जिथे गप्प बसतं, तिथेच आमचा डेटा बिघडला.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते ओळ क्रमांकाने. टूल म्हणायचं, ‘ओळ ४१२: अवैध मूल्य’. एवढंच. आता सीएसव्हीत दुहेरी अवतरणचिन्हांच्या आतला मजकूर दुसऱ्या ओळीवर जाऊ शकतो. सीएसव्हीचं स्वरूप सांगणाऱ्या २००५ च्या आरएफसी ४१८० या दस्तऐवजातही ते मान्य आहे. आमच्या फाइलमधले काही पत्ते असेच दोन-तीन ओळींचे. टूल नोंदी मोजत होतं, एजंट फाइलमधल्या ओळी. त्याने ४१२ वी ओळ उघडली, तर तिथे कुणाच्या तरी पत्त्याचा उत्तरार्ध. त्यात दोष काय असणार? तरी त्याने त्यातला स्वल्पविराम काढला आणि इम्पोर्ट पुन्हा चालवलं. तोच एरर आला, मग आणखी एक स्वल्पविराम गेला. गिटमध्ये (फाइलींतले बदल नोंदवणाऱ्या प्रणालीत) फरक पाहिला म्हणून हे कळलं, नाहीतर पत्ते तसेच आत गेले असते.

नव्या आवृत्तीत हा संदेश बदललाय. नोंद ४१२ (शीर्षक न मोजता), फाइलमधली ओळ ६३८, रकाना ‘रक्कम’, मिळालेलं मूल्य ‘१,२००’, अपेक्षित दशांश संख्या, आणि हजारांचा विभाजक सांगायचा असेल तर कोणता पर्याय वापरायचा, एवढं सगळं एकाच जागी. या एका बदलाने जेवढं काम झालं, तेवढं बाकीच्या सगळ्या पानांनी मिळून झालं नसेल. पानं एजंट वाचेल किंवा वगळेल. एरर मात्र त्याला वाचावाच लागतो.

एक्झिट कोडचं (काम संपल्यावर टूल परत करतं तो आकडा; शून्य म्हणजे यश) दुखणं अजून पूर्ण गेलेलं नाही. काही नोंदी नाकारल्या गेल्या तरी टूल शून्यच परत करतं आणि नाकारलेल्या नोंदी गुपचूप वेगळ्या फाइलमध्ये टाकतं. शून्य दिसलं की एजंट ‘इम्पोर्ट यशस्वी’ असं छातीठोकपणे कळवतो. आता डॉक्युमेंटेशनमध्ये यावर ठळक सूचना आहे आणि कडक पर्याय चालू करायला सांगितलंय. मला विचाराल तर डीफॉल्टच बदलायला हवं होतं. सूचना लिहून टूलची खोड झाकणं मला पटत नाही.

ड्राय-रनबद्दल (डेटा प्रत्यक्ष न भरता घेतलेल्या चाचणीबद्दल) मात्र शाबासकी. तो डेटाटाइप आणि अनिवार्य रकाने तपासतो. फॉरेन की (दुसऱ्या टेबलमधल्या नोंदीचा दुवा) आणि युनिक (तेच मूल्य पुन्हा येऊ नये अशी) बंधनं तपासत नाही, हे आता सरळ तक्त्यात दिलंय. अपसर्टची (नोंद असेल तर बदल, नसेल तर नवी) की, म्हणजे नोंद ओळखायचा रकाना, दिली नाही तर पुन्हा चालवल्यावर नोंदी दुप्पट होतील, हेही शेजारीच आहे. कनेक्शन मध्येच तुटलं की एजंट पहिली गोष्ट करतो ती पुन्हा चालवण्याची, त्यामुळे ही ओळ योग्य जागी आहे.

उरलेली मोठी तक्रार आवृत्तीची. वेबवरची पानं कायम ताज्या आवृत्तीची असतात, आमच्याकडचं टूल त्याहून मागच्या आवृत्तीवर बांधलेलं. एजंट पान वाचून नवा पर्याय देतो, आणि जुनं टूल अनोळखी पर्याय पाहून थांबण्याऐवजी एक इशारा छापून पुढे जातं! म्हणून आम्ही रेपोतल्या (आमच्या कोडच्या साठ्यातल्या) एजंट्स डॉट एमडी या एजंटसाठीच्या सूचनांच्या फाइलमध्ये लिहून ठेवलंय: आधी आवृत्ती पाहा, मग टूलचं स्वतःचं हेल्प वाचा, वेबवरची पानं त्यानंतर. कंपनीला कळवलं, ‘पुढच्या रिलीजमध्ये पाहू’ असं उत्तर आलंय. तोवर प्रॉडक्शनचा (प्रत्यक्ष वापरातल्या डेटाबेसचा) पासवर्ड एजंटकडे नाही. तिथलं इम्पोर्ट माणूसच चालवतो.