कम्युनिटी कॉलेजात अकाउंटिंग: सर्टिफिकेट की ट्रान्सफर डिग्री?

कम्युनिटी कॉलेज म्हणजे अमेरिकेतलं दोन वर्षांचं सरकारी कॉलेज. कॅलिफोर्नियातली गोष्ट धरू. राज्यातल्या रहिवाशाला फी युनिटमागे (म्हणजे क्रेडिटमागे) 46 डॉलर. ट्रान्सफर डिग्री, म्हणजे पुढे विद्यापीठात जाऊन पदवी पुरी करायची दोन वर्षांची डिग्री, 60 युनिटची, म्हणजे 2,760 डॉलर, पुस्तकं वेगळी. सर्टिफिकेट बहुधा त्याच्या निम्म्यात आटोपतं. बाहेरून आलेल्यांना मात्र फी कितीतरी पट पडते, म्हणून वास्तव्याची अट आधी तपासा.

सर्टिफिकेटमध्ये क्विकबुक्स (हिशेबाचं सॉफ्टवेअर), पेरोल, एक्सेल, इन्कम टॅक्स असं हाताला काम देणारं शिकवतात. ट्रान्सफर डिग्रीत फायनान्शियल आणि मॅनेजिरियल अकाउंटिंगसोबत सूक्ष्म व समग्र अर्थशास्त्र, बिझनेस लॉ, स्टॅटिस्टिक्स. त्यावर कॅल स्टेटमध्ये (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) प्रवेशाची हमी मिळते, पण हव्या त्याच कॅम्पसची नाही.

फसगत होते ती पहिल्याच विषयात. नुसतं ‘बुककीपिंग’ घेतलं तर ते बहुतेकदा ट्रान्सफरला धरलं जात नाही. सर्टिफिकेटच करायचं असलं तरी फायनान्शियल अकाउंटिंगच घ्या, दोन्हीकडे चालतं.

याच विषयात मुलं अडतात ती समायोजन नोंदींवर, म्हणजे वर्षअखेरीला खर्च-उत्पन्न योग्य काळात बसवणाऱ्या नोंदींवर. 1 ऑक्टोबरला वर्षाचा 1,200 डॉलर विमा भरला, तर 31 डिसेंबरला खर्च फक्त 300. उरलेले 900 आगाऊ भरलेला विमा, म्हणजे मालमत्ता. सगळे 1,200 खर्ची टाकले की नफा 900 ने कमी दिसतो आणि तेरीज (ट्रायल बॅलन्स) तरीही जुळते, त्यामुळे चूक सापडत नाही.

आपल्याकडचं बी.कॉम. आणि टॅलीचा सराव असेल तर पुन्हा 60 युनिट कशाला? पदवीचं मूल्यांकन करून घ्या, सर्टिफिकेट पुरे. सीपीए (अमेरिकेतला परवानाधारक अकाउंटंट) व्हायचंय पण पदवीच नाही, त्यांनी ट्रान्सफरच धरावी.