बेक्वेला बोट घेऊन जाताय? मुरिंगवाल्यांपासून सांभाळा

कॅरिबियनमध्ये भाड्याची बोट घेऊन फिरणाऱ्यांनी हे वाचाच, खास करून सेंट व्हिन्सेंटहून खाली ग्रेनडीन्सच्या बेटांकडे जाणार असाल तर. त्यातल्याच बेक्वे बेटाच्या अ‍ॅडमिरल्टी बे ह्या खाडीत आम्ही संध्याकाळी शिरलो, मुलं कंटाळलेली, सगळे दमलेले, आणि तेवढ्यात एकजण छोट्या मोटरबोटीतून सुसाट आला, वेलकम फ्रेंड वगैरे करत एक तरंगता मुरिंगचा गोळा (म्हणजे तळाशी दोराने जखडलेला, नांगर न टाकता बोट ज्याला बांधतात तो) दाखवून म्हणाला एकदम मजबूत आहे, फक्त सिक्स्टी. आमचा दोर घेऊन त्याने कडीत ओवला आणि पैसे काढले तर म्हणतो यूएस डॉलर!

मेख इथेच आहे. तिथलं चलन ईस्टर्न कॅरिबियन डॉलर, सगळे ईसी म्हणतात, 1976 पासून एका अमेरिकन डॉलरला 2.70 ईसी असा बांधलेला दर आहे. म्हणजे 60 ईसी म्हणजे जेमतेम 22 अमेरिकन डॉलर, आणि हा मागत होता 162 ईसी. आवाज चढवायला लागला, मुलं घाबरली, शेवटी देऊन टाकले. पावती मागितली तर हसत निघून गेला.

थोड्या वेळाने दुसराच हजर, म्हणे हा गोळा माझा आहे, पैसे मला द्या. मग मात्र ज्याच्या लायसन्सवर बोट घेतली होती तो आमचा मित्र मास्क लावून पाण्यात उतरला. खाली शॅकल, म्हणजे दोर जोडणारी लोखंडी कडी, गंजून बारीक झालेली, दोराचे पीळ सुटलेले, एकच पदर कसाबसा धरून होता. अहो ती खाडी पश्चिमेला उघडी आहे आणि वारा बहुतेक पूर्वेचाच, रात्री तो पदर तुटला असता तर झोपलेल्या पोरांसकट बोट भर समुद्रात गेली असती. पैशापेक्षा मला ह्याचा संताप जास्त आहे. अंधार पडता पडता प्रिन्सेस मार्गारेट बीचसमोर वाळूत स्वतःचा नांगर टाकला तेव्हा कुठे जीवात जीव आला.

तिथले सगळे असे नाहीत हेही सांगते, ब्रेड आणि बर्फ बोटीपर्यंत आणून देणारे अगदी सचोटीने वागले. पुढे टोबॅगो केज ह्या छोट्या बेटांपाशी तर मरीन पार्कचे रेंजर येऊन रीतसर फी घेतात. बाकी ठिकाणी मात्र ईसी की यूएस ते आधी स्पष्ट बोलून घ्या, आणि मुरिंग घेतलंच तर कोणीतरी खाली बुडी मारून बघून येईपर्यंत एक पैसा सोडू नका, समोरचा कितीही घाई करू दे.